आठ दाण्यांची केबिन

विहीणबाई,

तुमची केबिन परवा पोचली. तुमचं तेरावं आटोपून वैशाली आली, तेव्हा शिंदखेड्यापासून रावेरपर्यंत तिनं तो खोका मांडीवरून खाली ठेवला नाही म्हणे. साडीचा जुना खोका, आत तुमच्या सुती लुगड्याचा तुकडा, आणि त्यात गुंडाळलेली केबिन. "आईच्या कपाटात होता, वर तुमचं नाव आहे," ती म्हणाली. नाव कसलं! तुम्ही लिहिलं होतं, 'रावेरवाल्या बाईंना देणे.' माझा मुलगा तुमचा जावई, तुमची लेक माझी सून, एक नात दोघींची, चोवीस वर्षांचं येणं-जाणं, आणि मी अजून रावेरवाली बाईच.

मी पहिल्यांदा काय केलं सांगू? रडले नाही. चष्मा लावला आणि केबिनची रुंदी मोजली. एक, दोन, तीन करत बोटानं आठपर्यंत गेले. पुन्हा मोजली, पुन्हा आठच. म्हणजे शेवटपर्यंत तुम्ही तुमचंच खरं केलंत. मी खोका बंद करून कपाटावर ठेवून दिला. वैशाली डोळे पुसत बघत होती. "आई, आता तरी," म्हणाली.

मी म्हटलं, "आता तरी काय? प्रमाण ते प्रमाण."

तुम्हाला हे सगळं माहीत आहे. पण हा कागद तिसरं कुणी वाचेल, तर त्याला वाटायचं की दोन म्हाताऱ्या कसले दाणे मोजतायत. त्याच्यासाठी सांगते. आपली नात सई पुण्याला शिकायला गेली आणि तिचे प्लॅस्टिकचे ठोकळे मागे राहिले. लहानपणी अर्धी सुटी रावेरला, अर्धी शिंदखेड्याला, त्यामुळे ठोकळेही अर्धे इकडे, अर्धे तिकडे. एकावर एक दाबून बसवायचे ते रंगीत ठोकळे. प्रत्येकाच्या डोक्यावर गोल उंचवटे असतात, त्यांना आपण दाणे म्हणायचो. सईला हसू यायचं. तिच्या पुस्तकात वेगळं नाव होतं, पण ज्वारी निवडणाऱ्या बायकांना दुसरं काय सुचणार? सहा दाण्यांचा, आठ दाण्यांचा, पातळ पट्टी, जाड ठोकळा. तीन पातळ एकावर एक ठेवले की एक जाड. एवढं व्याकरण पुरे.

सुरुवात मी केली, हे तुम्ही कधी मान्य केलं नाहीत. पोरगी गेल्यावर घर खायला उठलं. एका दुपारी ठोकळ्यांचं पोतं उपडं केलं, सूप घेतलं आणि चक्क पाखडलं. बारीक तुकडे मागे, जाड पुढे, चाकं उड्या मारत बाजूला. वैशालीनं दारातून पाहिलं आणि हळूच तुमच्या जावयाला फोन लावला. त्याला वाटलं आईला काहीतरी झालं. संध्याकाळी मी ट्रॅक्टर तयार करून त्याचा फोटो तुम्हाला पाठवला. मला वाटलं होतं, तुम्ही 'वा' म्हणाल. तुमचा आवाजच आला, "हाऊ ट्रॅक्टर शे का चौरंग?"

चारही चाकं एका मापाची बसवली होती मी. केळीवाल्याच्या घरात पन्नास वर्षं काढली, रोज दारातून ट्रॅक्टर जातो, आणि मागची चाकं मोठी असतात हे कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी तुमच्यावर असा राग आला! दोन दिवसांत मागची चाकं मोठी करून फोटो पाठवला. मग तुम्ही म्हणालात, स्टेअरिंग फिरत नाही. मग तुम्ही स्वतःच एक केला, त्याचं स्टेअरिंग फिरत होतं, नांगर खाली-वर होत होता. तिथून आपलं सुरू झालं. रोज दुपारी तीनला, चहाच्या आधी, व्हिडिओ कॉल. तुमचा फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला, माझा खलबत्त्याला. मला तुमचं कपाळ दिसायचं आणि तुम्हाला माझी हनुवटी.

एसटी झाली, केळीची ट्रॉली झाली, पाण्याचा टँकर झाला. पण तुमचं मन कशातच भरत नव्हतं. एके दिवशी तुम्ही म्हणालात, "आबांची गाडी करू."

आबा म्हणजे आमचे व्याही, तुमचे मालक. त्यांना अख्खं गाव आबा म्हणायचं. त्यांचा तो नारिंगी ट्रक, कपाळावर 'आई एकवीरा प्रसन्न', दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या. आबा गेल्यावर वर्षाच्या आत तो विकला, आणि विकताना तुम्ही ओट्यावर आला नाहीत, आत भांडी घासत बसलात, हे वैशालीनं मला सांगितलं होतं. त्यामुळे तुम्ही 'करू' म्हणालात तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पण सरळ हो म्हणेन तर मी कसली. "करू," मी म्हटलं, "पण मागची बाजू माझी. ट्रक मागून कसा असतो ते आम्हा रावेरच्यांना विचारा."

आणि ते खरंच होतं. तुम्हाला ट्रक पुढून माहीत होता. कुठली सुई थरथरली की तेल कमी, कुठला आवाज आला की स्प्रिंगचे पाटे गेले, आबांच्या शेजारी बसून तुम्ही पाठ केलेलं. मला माहीत होता तो भरायचा ट्रक. खाली पाला, त्यावर घड, मध्ये पुन्हा पाला, मागचं दार, म्हणजे फाळका, वर उचलून अडकवायचा, ताडपत्री, दोर. केबिन तुमची, हौदा माझा. महिन्या-दोन महिन्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती तुकडे पाठवायचे. एकदा मी पाठवलेल्या दोन लाल दिव्यांतला एक पोचलाच नाही. तुम्ही म्हणालात, मी मोजून टाकला नाही. मी म्हटलं, तुमच्याकडे हरवला. तीन महिने वाद चालला. शेवटी पाहुण्यांसाठी बिबडे, आपले ज्वारीचे पापड, तळले तर एक बिबडा फुगला आणि मधोमध लालबुंद, वितळलेला. ठोकळे धुऊन गच्चीवर बिबड्यांशेजारी वाळत घातले होते, ओल्या बिबड्यात तो दिवा बसला असणार. पाहुणे म्हणाले, "टोमॅटो घातला का?" हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगते. दिवा मीच तळला.

प्रमाणासाठी तर मी काय काय केलं! आमच्या इथं केळी भरायच्या जागी उभ्या असलेल्या ट्रकला जाऊन टेप लावला. एक टोक मी धरलं, दुसरं सापडेना, मग फाळक्याच्या कडीत अडकवलं. ड्रायव्हर दात घासत आला.

"आजी, काय मोजता?"

"रुंदी."

"विकत घ्यायचा का?"

"नातीच्या लग्नात आंदण द्यायचा आहे. किती चाकी चांगला पडतो?"

तो बिचारा गंभीर होऊन मला दहा चाकीचे फायदे सांगायला लागला. त्यानंच मग टेपचं दुसरं टोक धरलं. हौदा जेवढा रुंद, त्याच्या तिप्पट लांब, असा हिशेब बसला. म्हणून मी लांबी अठरा दाणे धरली आणि रुंदी सहा. सगळं बरोबर. आणि तुम्ही तिकडे केबिन केलीत आठ दाण्यांची! वर छप्परही एक पातळ पट्टी उंच. मी व्हिडिओवर पाहिलं आणि ओरडले, "का हो, ही केबिन आहे की मांडव?"

"दम धरा. समजी," तुम्ही म्हणालात.

तुमचं हे 'समजी' मला चोवीस वर्षं पुरलं. कशाचंही कारण विचारलं की 'समजी'. मी दम धरला. आठवडा धरला. मग रोज विचारायला लागले, केबिन कधी अरुंद करताय? तुम्ही विषय बदलायचात. पावसाचं विचारायचात. एकदा तर मला माझ्या मोतीबिंदूचं विचारलंत, त्या ऑपरेशनला वर्ष झालं होतं.

आणि मग ते शेवटचं भांडण. मी म्हटलं, "तुम्हाला प्रमाण कळत नाही. आठ तोडा आणि सहा करा."

तुम्ही म्हणालात, "नही. केबिन आठनीच ऱ्हाई."

"मग केबिन तुमच्याकडे, हौदा माझ्याकडे," मी म्हटलं आणि फोन उलटा ठेवला. तुमच्या नाकावर खलबत्ता टेकला असेल.

मग मी रुसले. अडुसष्टव्या वर्षी. हे रुसणं साधं नव्हतं, वरमायेचं होतं. मुलाची आई रुसली की मुलीच्या आईनं आधी बोलायचं, ही आपल्याकडची रीत. त्या रिवाजाला चोवीस वर्षांत मी कधी गंज चढू दिला नाही. दुपारी तीनला मी फोनकडे पाठ करून चहा प्यायची. वैशाली म्हणायची, "आई, आईला एक फोन लावा ना." मी म्हणायची, "कोणती आई कोणाला लावणार ते ठरलेलं असतं."

दहाव्या दिवशी मंगळवार होता. तीनला फोन वाजला. तुमचा फोटो आला, तोच, सईनं काढलेला, हातात नांगरवाला ट्रॅक्टर. मी उचलला नाही. हातात धरून बसले. म्हटलं, एकदा वाजू दे, दुसऱ्यांदा उचलू. जरा मान राहू दे. वाजत राहिला, थांबला. मी चहा ठेवला, दुसऱ्या फोनची वाट पाहत दूध उतू घालवलं.

दुसरा फोन गुरुवारी सकाळी आला आणि तो तुमच्या पुतण्याचा होता.

त्या मंगळवारी तुम्हाला काय सांगायचं होतं, ते मला आता कुणी सांगणार नाही. ही गोष्ट घेऊन मी तुमच्या दारात आले, तुम्हाला नेताना पाहिलं, आणि परत आले तर फोनवर अजून ते लाल बाणाचं चिन्ह होतं. ते मी काढलेलं नाही.

आता नुसतं भांडण उरलं असतं तर मी ते एकटीनं चालवलं असतं. मला येतं. पण गाडी जुळायला हवी. माझा हौदा सहा दाण्यांचा, तुमची केबिन आठ. एकीनं मोडल्याशिवाय जुळत नाही, आणि तुम्ही तर आता मोडणार नाही. खरं सांगते, काल सकाळी मी तुमची केबिन मोडायलाच काढली. म्हटलं, सहाची करते, म्हणजे गाडी दिसायला खरी होईल आणि माझं म्हणणंही राहील. छप्पर आधी उचलायचं म्हणून नखं लावली.

छप्पर उचललं तर आत तीन माणसं बसलेली.

ही ठोकळ्यांतली बाहुली बुटकी आणि ऐसपैस असतात, माझ्यासारखी. एक बसायला दोन दाणे लागतात. भिंती धरून सहा दाण्यांच्या केबिनीत दोनच मावतात. तिघं शेजारी शेजारी बसवायची तर आठ दाणे लागतातच. एवढा साधा हिशेब. टेप घेऊन ट्रक मोजत फिरणाऱ्या बाईला सुचला नाही.

उजवीकडे स्टेअरिंगशी पांढरी टोपी घातलेले आबा. डावीकडे खिडकीशी एक बाई, तिला तुम्ही नेलपेंटनं हिरवं लुगडं नेसवलेलं. आणि मध्ये तुम्ही. मधलं बाहुलं बाकी दोघांपेक्षा एक पातळ पट्टी वर बसलेलं, कारण त्याच्याखाली इंजिनाचं झाकण केलेलं होतं. काळं, गुळगुळीत. जुन्या ट्रकला आत असायचं तसं. म्हणून छप्पर एक पट्टी उंच. प्रमाण तुम्हाला कळत होतं, विहीणबाई. मीच चुकीची गाडी मोजत होते. मी माल भरायचा ट्रक मोजला, तुम्ही तो एक दिवस मोजलात.

तो दिवस आपण दोघींनी कधी पूर्ण बोलून काढला नाही. तुम्ही तो सगळ्यांना सांगायचात, पण अर्धा. उरलेला अर्धा मी सांगते. तुमच्यासमोर सांगायला हवा होता.

मे महिना, पोरांच्या लग्नाचा दिवस. आम्ही रावेरहून वऱ्हाडाची बस घेऊन निघालो आणि अमळनेरच्या पुढं ती बंद पडली. मुहूर्त दुपारचा. नवरदेव मुंडावळ्या बांधून लिंबाच्या झाडाखाली बसलेला, त्याला माशा त्रास देत होत्या. कुणीतरी चालत जाऊन गावातून शिंदखेड्याला फोन केला. तासाभरात आबा स्वतः ट्रक घेऊन आले. धुतलेला, हौद्यात गाद्या, सतरंज्या, पाण्याची दोन पिंपं. आमची पोरंसोरं, बाया, म्हातारे हसत हसत चढले. सगळ्यांना गंमत वाटली. एकटी वरमाय उभी.

तिचं काय वर्णन करू! चव्वेचाळीस वर्षांची बाई, हिरवी पैठणी, कानाजवळ घामानं ओघळलेली पावडर, आणि पायात जळगावहून मुद्दाम आणलेली उंच टाचेची चप्पल. आयुष्यात पहिल्यांदा टाच घातली होती. मुलाच्या लग्नात आपण दोन बोटं उंच दिसावं, अशी हौस. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, "आमच्याकडं ट्रकात केयी भरता, मानसं नाही भरत."

आबांचं तोंड उतरलं. मला दिसलं ते.  माझ्या नवऱ्यानं हौद्यातून हात जोडले. मी हलले नाही. लोकांनी तेव्हापासून आजपर्यंत ते मानापमान म्हणून सांगितलं. काय ठसका होता, वरमाय असावी तर अशी, मुलीकडच्यांना तासभर उन्हात लटकवलं. मीही ते ऐकून मान डोलवत आले.

खरं काय ते आता सांगते. मी हलले नाही कारण मला हलता येत नव्हतं. उन्हानं डांबर वितळलं होतं आणि माझ्या दोन्ही टाचा त्यात रुतल्या होत्या. पाय उचलला की चप्पल रस्त्यात राहणार आणि वरमाय अनवाणी ट्रकात चढणार, मुलीकडच्यांसमोर. त्यापेक्षा वेळ काढावा म्हणून मी तोंडाला येईल ते बोलले, आणि ते तोंडाला आलं. रुसले नव्हते हो मी. चिकटले होते.

तुम्ही केबिनमधून उतरलात. मुलीची आई, हळदीचे हात, लग्नघर सोडून नवऱ्याबरोबर आलेली. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलं. मग खाली पायांकडे. मग पुन्हा तोंडाकडे. मला वाटलं, आता ही हसणार आणि हौद्यातल्या साठ माणसांना हाक मारून दाखवणार. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं. खोटं नाही बोलत.

तुम्ही पदर सारखा करायच्या निमित्तानं माझ्यासमोर आलात, आपल्या पायातल्या साध्या चपला काढल्या आणि पायानंच माझ्याकडे सरकवल्या. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "कसाले उनमा उभ्या शेतस, विहीणबाई? बसा ना."

मी तुमच्या चपलांत पाय घातले. माझ्या उंच टाचा रस्त्यातच राहिल्या. तुम्ही त्या तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालत केबिनीपर्यंत गेलात, मला आधी चढवलंत, वारा लागावा म्हणून खिडकीशी बसवलंत आणि स्वतः मधल्या इंजिनाच्या झाकणावर बसलात. त्यावर आबांनी पंचा घडी करून टाकला. तो कितीसा पुरणार? मी अख्खा रस्ता खिडकीबाहेर तोंड करून बसले, कारण मला रुसल्याचं सोंग आता चालू ठेवायचं होतं. तुमच्याकडे एकदा वळून बघितलं नाही. तुमचे पाय कुठे टेकले होते, मला ठाऊक नाही.

मांडवात तुम्ही जाहीर केलंत, "वरमाय रुसन्यात, मी मनाडी लयनू." मनवून आणलं म्हणे! सगळे हसले. रुसलेली वरमाय म्हणजे मान, चिकटलेली वरमाय म्हणजे जन्मभराची थट्टा. तुम्ही मला मान दिलात. लग्नभर मी तुमच्या चपला घालून मिरवले आणि तुम्ही अनवाणी वाढत राहिलात. आमच्याकडच्या बाया म्हणाल्या, मुलीच्या आईचा काहीतरी नवस दिसतो. मी म्हटलं, "असेल बाई."

चपला मी परत केल्या नाहीत. त्यांचं काय झालं तेही आठवत नाही. चोवीस वर्षांत तुम्ही विचारलं नाही, चेष्टेतही नाही. आणि मला वाटत राहिलं की तुम्ही ते विसरलात. काल मी ती तीन बाहुली खिडकीच्या उजेडात धरून बघितली. आबांच्या बाहुल्याच्या पायांवर तुम्ही पेनानं काळ्या चपला काढल्या होत्या. हिरव्या बाईच्या पायांवरही. मधलीचे पाय तसेच ठेवले होते, कोरे.

मग मात्र मी रडले. वैशाली धावत आली. तिला मी सगळं सांगितलं, टाचांसकट. तिनं तोंडावर पदर घेतला, मला वाटलं ती पण रडते आहे. बघते तर हसतेय. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे आई, तुम्ही चिकटल्या होत्या?" तुमची लेक आहे ती. आता सगळ्या रावेरला कळेल.

केबिनीला मी हात लावला नाही. काल दुपारी तीनला मी माझा हौदा मोडायला घेतला. दोन महिने लागले होते तो करायला. फळी न् फळी उचकटली, लांबी अठराची चोवीस केली, रुंदी सहाची आठ. काळे ठोकळे कमी पडले म्हणून टँकर मोडला. एसटीही मोडली. सईला फोन केला, ती म्हणाली, "आजी, मागवून देऊ का?" मी म्हटलं, नको, वेळ नाही. ती म्हणाली, "कसली घाई आहे?" तिला काय सांगणार.

फक्त एका ठिकाणी अडलं, आणि तिथं मला पकडायला तुम्ही हव्या होतात. मागचा फाळका. तुमचा नियम होता, ठोकळ्यांना डिंक लावायचा नाही. जे चिकटवलं ते पुन्हा करता येत नाही, म्हणून. मी हो हो म्हटलं होतं. पण तो फाळका सारखा पडायचा, आणि एका दुपारी तुम्हाला न सांगता मी त्याला आतून डिंक लावला. तुम्ही व्हिडिओवर बघून म्हणाला होतात, "तो फाळका हालत नही. माले बठ्ठं दिखस." तुम्हाला म्हणे सगळं दिसतं! डिंक नाही म्हणून मी शपथ घेतली. माझ्या नवऱ्याची घेतली, तो शेजारी झोपला होता, त्याला चाललं.

तर तो फाळका सहा दाण्यांचाच राहिला. सुरी लावली, गरम पाण्यात ठेवला, निघेना. आयुष्यात दोनदा चिकटले मी, दोन्ही वेळा तुमच्या गाडीपाशी. शेवटी त्याच्या दोन्ही बाजूंना एक एक दाणा फट ठेवली आणि सुतळीनं बांधला, दोन गाठी मारून. बांधून बघितला आणि मला हसू आलं. केळी भरायच्या जागी निम्मे ट्रक असेच असतात, फाळका दोरानं बांधलेला. एवढं खरं तर मी टेप लावूनही केलं नव्हतं.

आज संध्याकाळी केबिन हौद्याला जोडली. टक् असा आवाज झाला. तुम्हाला तो आवाज आवडायचा, फोनवर ऐकू यावा म्हणून तुम्ही ठोकळा कानाशी नेऊन दाबायचात. स्टेअरिंग फिरवलं, पुढची चाकं वळली. आता ट्रक दिवाणखान्यात टीव्हीशेजारी उभा आहे. शेजारच्या बाई येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, जरा रुंदच झालाय, नाही? मी म्हटलं, "दम धरा. समजेल."

छप्पर लावायच्या आधी मी एक बदल केला. तो तुम्हाला विचारून करायला हवा होता, पण तुम्ही फोन उचलणार नाही, आणि न उचलायचा हक्क आता तुमचा आहे. हिरव्या लुगड्यावालीला खिडकीजवळून उचललं. तिच्या पायांवरच्या काळ्या चपला नेलपेंट काढायच्या पाण्यानं पुसल्या आणि तुमच्या कोऱ्या पायांवर पेनानं त्याच काढल्या, साध्या, टाच नसलेल्या. मग हिरवीला मध्ये इंजिनावर बसवलं. तिथं चटके बसतात, बसू देत. तोंड मात्र तिचं मी खिडकीकडेच ठेवलंय, पण आता खिडकीशी तुम्ही आहात.

वारा येतोय बघा तिकडून. कसाले उनमा उभ्या शेतस, विहीणबाई? बसा ना.